डोक्यावरचं कपाट

सोळा मजल्यांची इमारत उठतेय. तिच्या पायाशी पत्र्याची खोली, खोलीला एक खिडकी आणि खिडकीत टोपीमावशी. कागदावर ती स्टोअरकीपर आहे, पण साइटवर तो शब्द कुणी वापरत नाही. आठ वर्षं तिनं डोक्यावरून विटा वाहिल्या. मग गुडघ्यानं दगा दिला आणि ती खिडकीत बसली. हेल्मेटबद्दल तिला कुणी काही शिकवलेलं नाही. एक तुटकं हेल्मेट घरी नेऊन तिनं त्याची पट्टी न् पट्टी सुटी केली, पुन्हा जोडली, आणि झाली हुशार. पदवीवाल्यांनी खुशाल नाकं मुरडावीत.

त्या खिडकीत हेल्मेट नुसतं हातात मिळत नाही. "मान खाली घाल. पायाचे अंगठे बघ. आता नाही नाही म्हण, बायको पैसे मागते तेव्हा म्हणतोस तसं." हेल्मेट घसरलं की मागचं चाक दोन दाते आवळायचं. "आणि हा हनुवटीचा पट्टा काय दागिना आहे? लाव!" बायकांना ती अंबाडा खाली मानेवर घ्यायला लावते, नाहीतर हेल्मेट अंबाड्यावरच डुगडुगतं. रंगाऱ्यानं आपल्या हेल्मेटवर ऑइलपेंटनं वाघ काढला, तर ते तिनं जप्तच केलं. "रंगानं प्लास्टिक खराब होतं, बाबा. एवढ्या भिंती दिल्यात, त्या पुरेनात होय तुला?" उन्हानं पांढुरकं पडलेलं हेल्मेट ती दोन्ही तळव्यांत दाबून बघते. करकरलं की बाद. धुवायचं ते साध्या साबणाच्या पाण्यानं. थिनरचा डबा दिसला तर तिची खिडकी धडकन बंद होते.

एका गोष्टीपुढे मात्र तिनं हात टेकले होते. हेल्मेटच्या आत पट्ट्यांची जाळी असते. जाळी आणि वरचं कवच यांच्यात दोन-तीन बोटं पोकळी. वरून काही पडलं तर दणका तिथं जिरतो, म्हणून ती रिकामीच हवी. आमच्या लोकांनी तिचं कपाट केलं होतं! तंबाखूची डबी, कंगवा, मोबाइल. सगळ्यात भरलेलं कपाट तिच्या सख्ख्या दिराचं. तो गिलाव्याचा गवंडी. घराची किल्लीसुद्धा डोक्यावर.

"भाऊजी, वीट पडली तर ही किल्ली थेट मेंदूत जाईल."

"जाऊ द्या वहिनी, उघडेल तरी!"

त्याचं हसणं एका शनिवारी बंद झालं. नवे सेफ्टीसाहेब सकाळीच मजले चढले आणि प्रत्येकाचं हेल्मेट उलटं करून बघत सुटले. दिराच्या हेल्मेटातून डबी, कंगवा, मोबाइल, किल्ली सगळं निघालंच, शिवाय धाकटीच्या चपलेसाठी घेतलेलं पावलाचं माप निघालं, गाठ मारलेली दोरी. जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी सगळ्यांना खाली गोळा केलं. "तेवीस जण सापडलेत. सोमवारपासून साइटवर दिसायचं नाही."

दिराच्या घरी कमावणारा तो एकटा. आसपास दुसरं काम नव्हतं. तो पांढराफटक. मी कामगार संघटनेचा माणूस, मी तापलोच आणि ओरडायला लागलो. मावशी लंगडत बाहेर आली. "तुम्ही जरा गप बसा हो." मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "साहेबांचं बरोबर आहे. भरलेल्या हेल्मेटानं डोकं वाचत नाही. वाचा साहेब, नावं वाचा."

दिरानं तिच्याकडे असं बघितलं की बस्स. माझंही डोकं फिरलं. स्वतःच्या माणसाला ही बाई बुडवते?

साहेबांनी शर्टाचा खिसा चाचपला. पँटचा चाचपला. मग थोडं थांबून हेल्मेट काढलं. आतून निघाली घडी घातलेली यादी, पेन आणि खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी.

साइट हसून नुसती फुटली. सिमेंटवाला तर गोणीवरून खाली पडला. साहेबांचं हेल्मेट सकाळपेक्षा बोटभर वर बसलंय हे मावशीनं खिडकीतूनच हेरलं होतं.

"चोविसावं नाव कुणाचं लिहू, साहेब?"

साहेब लालबुंद. "अहो, शिडीवर वाकलं की खिशातलं खाली पडतं. ठेवणार कुठं?"

"तेच म्हणते मी. ठेवणार कुठं? इथं ऐंशी माणसं आहेत आणि एक फळी नाही. शर्ट काढून काम करतात, मग खिसा कुठला?"

साहेब माणूस बरा निघाला. आधी घसा खाकरला, मग स्वतःच हसला. "सोमवारपर्यंत सोय करा. माल लागेल तो घ्या. त्यानंतर मात्र मी कुणाचं ऐकणार नाही."

रविवारी सुतारानं सेंट्रिंगच्या उरलेल्या प्लायचे ऐंशी खण ठोकले. मावशीनं शेजारी बसून प्रत्येकावर आकडा घातला. सोमवारी साहेबांनी ऐंशी हेल्मेटं उलटी केली, एकातही काही नव्हतं. आठ वाजता दीर चौथ्या मजल्यावर थापी मारत होता आणि वरून ओरडत होता, "वहिनी, डोकं हलकं झालं हो! वारा लागतोय!"

कपाटांसाठी आम्ही दीड वर्ष निवेदनं देत होतो. पोच आहे माझ्याकडे, शिक्क्यासकट. या बाईनं तेच काम एका जेवणाच्या सुट्टीत केलं. मला झोंबलं, खोटं कशाला बोलू? तसं तिला सांगितलंही. तर म्हणते, "तुम्ही ओरडता छान. आता पंख्यासाठी ओरडा, माझा पत्रा तापतो."

निवेदन लिहून झालंय. उद्या द्यायला ती स्वतः बरोबर येतेय.