चारी दिशांच्या अक्का

"हायकोर्ट! थेट हायकोर्टात खेचतो त्याला! खालचं काय बी नगं मला!"

इंदापूरच्या कोर्टाच्या आवारात तात्या असे ओरडत होते, की कडुनिंबावरचे कावळे उठून उजनीच्या पाण्याकडे कायमचे राहायला गेले. तात्या माझे अशील. नरसिंहपुराकडची शेती, चुलतभावाशी बांधाचं भांडण. मधला बांध सोमवारी जेसीबी लावून सपाट करणार, असं चुलतभावानं पारावर जाहीर केलं होतं. त्याच बांधातून तात्यांची पाइपलाइन गेलेली. बांध गेला की पाइप गेला, पाइप गेला की उभा ऊस गेला. तेव्हा ओरडायला कारण होतं.

पण ज्यांच्या टेबलापुढं ते ओरडत होते, त्या अक्का पदरानं चष्मा पुसत बसल्या होत्या.

"तात्या, ऊस शेंड्याकडनं तोडता व्हय?"

"न्हाय बा. बुडख्यापासनं."

"मग दावा बी बुडख्यापासनं. आधी हितलं कोर्ट, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. दाव्याची किंमत मोठी असली तर वरिष्ठ स्तर. मग जिल्हा कोर्ट. हायकोर्ट पार शेंड्याला. तितवर पोचायचं म्हंजे आधी हितं हरावं लागतंय. हरायचं हाय का?"

तात्या एक पायरी उतरले. "बरं, मग बारामतीत घाला. तितलं कोर्ट मोठं हाय. आमचं वकीलसाहेब बी तितलंच."

मीही मान डोलावली. माझं रोजचं पेट्रोल वाचलं असतं. अक्कांनी माझ्याकडं असं पाहिलं, की माझा काळा कोट जागच्या जागी राखाडी झाला.

"जमीन उचलून बारामतीला न्हेणार हाय का, वकीलसाहेब? जितं माती, तितं दावा."

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

"व्हय, दिसलं की."

तर अशा या अक्का. आवारातल्या टायपिस्ट. सनद नाही, कोट नाही, पण तालुक्यातला निम्मा न्याय त्यांच्या दहा बोटांतून गेलेला. पूर्वी टाइपरायटर होता. तो चालू झाला की भिगवणला लोक म्हणायचे, कुणाचा तरी दावा लागला बघा. मग लॅपटॉप आला, पण बोटांचा जोर तोच. तीन कीबोर्ड त्यांनी ठार केले. चौथ्यानं बदलीसाठी अर्ज दिला होता म्हणतात.

शिव्या त्या टाइप करत नसत. अशील 'नराधम', 'हरामखोर' सांगायला लागला, की बोटं हवेत थांबायची. "शिवीवर हुकूम मिळत न्हाय. तारीख सांगा. दाव्याचं कारण कवा घडलं?" लोक पणजोबापासून सुरू करत. एक जण तर पेशवाईत शिरला होता. अक्का चहा मागवत आणि वाट पाहत. 'परवा सकाळी त्यानं असं केलं' इथवर माणूस पोचला, की पहिली कळ दाबत. दावा तिथून सुरू.

आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य. "उठा. उगवतीला तोंड करा."

जमिनीचा दावा म्हटला की चतुःसीमा लिहावी लागते. चारी बाजूंना कोण आहे ते. खुर्चीत बसून सांगितलेल्या दिशा अक्कांना चालत नसत. अशिलानं उघड्यावर उभं राहायचं, उगवतीकडं तोंड करून हात पसरायचे आणि आपण शेतातच आहोत असं धरून बोलायचं. गर्दीच्या दिवशी पाच-पाच जण हात पसरून उभे. नव्या न्यायाधीशसाहेबांना पहिल्या दिवशी कवायत वाटली आणि त्यांनी गाडीतून उतरून मानवंदना स्वीकारली. हे मी शपथेवर सांगतो. फक्त उलटतपास घेऊ नका.

तात्या उभे राहिले. हात पसरले.

"पूर्वेला?"

"नदी."

"पश्चिमेला?"

"देवाची जमीन."

"दक्षिणेला?"

"गाडीवाट."

"उत्तरेला?"

"वढा."

पाढे म्हणावेत तसं घडाघडा. मी खूश. "छापा अक्का!" म्हटलं. अक्कांची बोटं हवेतच.

"तात्या, चुलतभाऊ कुठाय?"

"त्यो? आसंल की घरी."

"ह्या चार बाजूंत कुठाय, म्हणते मी."

तात्यांनी डाव्या हाताकडं पाहिलं, उजव्या हाताकडं पाहिलं. चारी दिशा फिरून आले. चुलतभाऊ नव्हता. बांधही नव्हता. वाटणी होऊन कितीतरी पावसाळे गेले होते, पण तोंडात अजून अख्खं शेतच होतं.

"ही तुमच्या आज्याची जमीन झाली," अक्का हळू म्हणाल्या. "ह्यात तुमी दोघं बी आत हाय. आतल्या माणसावर मनाई कशी मागू?"

तात्यांचे हात खाली यायला तयार होईनात. "आज्यानं पाठ करून घेतलं हुतं," ते म्हणाले. "दोघांकडनं. एकदमच."

माझ्यासारखा बोलका माणूस, पण मी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"जावा," अक्का म्हणाल्या. "शेतात उभं ऱ्हावा, आजची शीव बघून या. उद्या पयला कागद तुमचा."

दुसऱ्या दिवशी तात्या आले ते चुलतभावाच्या मोटारसायकलवर मागं बसून. मी गार.

"येष्टी चुकली," तात्या म्हणाले. "त्याला बी वकील बघायचाच हुता."

शीव सांगताना चुलतभावानंच त्यांना दोनदा अडवलं. "दक्षिणेला मी न्हाय, उत्तरेला मी. नीट ल्ह्या, न्हायतर माझा वकील धरंल!"

अक्कांनी टाइप केलं. तात्यांना सगळं वाचून दाखवलं, मजकूर खरा असल्याची सही घेतली. वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र, कोर्ट फी, नकाशा, सगळं एका दोऱ्यात ओवून माझ्या हातात दिलं. मी कोर्टाच्या खिडकीत नेऊन दाखल केलं.

तो अक्कांचा शेवटचा दावा. गुडघ्यांनी केव्हाचा संप पुकारलेला. त्याच संध्याकाळी लेक आली आणि वालचंदनगरला घेऊन गेली.

शुक्रवारी 'जैसे थे'चा हुकूम झाला. मी कोट उडवत सवयीनं कडुनिंबाखाली धावलो, तर टेबलाच्या जागी कुणाची तरी स्कूटर. अशिलांना मी आता कोर्टाच्या पायऱ्यांवर बसवतो. तेही बसल्या बसल्या मोबाइलवर दिशा बघून सांगतात. असो. मी स्कूटरला टेकून फोन लावला आणि तात्यांच्या वरताण ओरडलो.

"अक्का! हुकूम झाला! सोमवारचा जेसीबी रद्द! बांध वाचला, पाइप वाचला, ऊस वाचला! तात्या पेढे वाटतायत, चुलतभावानं दोन खाल्ले!"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"हुकूम तात्पुरताच हाय. त्याच्या नावचं समन्स काढलं का?" अक्का म्हणाल्या.