झोपेचा अभ्यासक

अभ्यासाच्या विषयात इतका बुडालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. नव्वदच्या दशकात, टेक्सासमध्ये शिकत असताना, युनिव्हर्सिटीच्या बसमध्ये हा नागपूरकर रोज सकाळी खिडकीला डोकं टेकून झोपलेला असायचा. त्याचा स्टॉप आला की मीच त्याला उठवायचे.

एकदा विचारलं, "रिसर्च कशावर करतोस?"

"झोपेवर," तो जांभई देत म्हणाला. "रात्री मॉनिटरचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराला वाटतं, अजून दिवसच आहे. मग झोप लवकर येत नाही."

"आणि तू रात्री काय करतोस?"

"हेच टाइप करतो, यार! एकदा थिसिसचा डिफेन्स होऊ दे, मग बघ कसा झोपतो."

डिफेन्सच्या दुसऱ्या दिवशीही त्याचे डोळे लाल होते. मी घाबरून विचारलं, "पास झालास ना?"

"झालो ना! सगळ्यांना ईमेल करता करता उजाडलं."