पक्षीमित्राच्या घरचा कावळा

पक्षीमित्राच्या आईला कावळा शिवेना, ही बातमी केशवराव घाटाच्या पायऱ्या चढून वर येण्याआधीच भोरच्या बाजारपेठेत पोहोचली होती.

दहाव्याच्या दिवशी नीरेच्या काठावर पिंड मांडून मंडळी ताटकळत उभी होती. कावळे नव्हते असे नाही. पलीकडच्या चिंचेवर त्यांची सभा भरली होती. पण खाली उतरायला एकही तयार नव्हता. नातलगांनी रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन दिवंगत आत्म्याला शब्द दिले. देवघरातला दिवा चुकणार नाही. आंबवड्याच्या देवळातला अभिषेक चालू राहील. धाकट्या कुमारचे गुडघ्याचे ऑपरेशन करून घेऊ. आपले गुडघे ऐनवेळी चर्चेला आलेले पाहून कुमार, केशवरावांचा धाकटा भाऊ, दचकला. कावळे मात्र ढिम्म. तेव्हा शिवऱ्याहून आलेला कुंडलिक हळूच म्हणाला, "रावसायेब, तुमी पाखरांचं एवढं करता. एक हाळी मारून बघा की. तुमचं ऐकत्याल."

उपरण्यांच्या आड हसू फुटले. सुज्ञ माणसाने हा विनोद तिथेच सोडला असता. केशवरावांनी घसा खाकरला आणि पुष्कळ वर्षांच्या अभ्यासातून साधलेला कावळ्याचा आवाज काढला. आवाज अस्सल होता, याविषयी दुमत नव्हते. कारण सगळी चिंच एका क्षणात रिकामी झाली. आपण काढला तो धोक्याचा इशारा, हे त्यांना त्यानंतर आठवले. गुरुजींनी निमूटपणे दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे आंघोळीला गेले.

केशवरावांपुरता हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा होता. आपल्यावर हसण्याची त्यांना सवय होती, किंबहुना त्यांच्याकडे तेवढाच एक छंद फुकटचा होता. पण शेजारच्या रतनबाईंनी दारात उभ्या उभ्या जे निदान केले ते हसण्याजोगे नव्हते. "सुनंकडनं काय तरी ऱ्हायलं असंल, बया. त्याबिगर कावळा अडत न्हाई." रतनबाई दुष्ट नव्हत्या. पावसाचा अंदाज सांगावा तितक्या सहजपणे त्या हे बोलल्या. पण आत परातीत कणीक मळत असलेल्या सुलूने ते ऐकले, आणि तिचे हात थांबले.

अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे सुलूनेच केले होते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. तरीही पुढच्या दोन्ही पितृपक्षांत तिने गच्चीवर ठेवलेले पान तसेच वाळून गेले, आणि कावळ्यांनी भिंतीपलीकडच्या रतनबाईंच्या पानाचा फडशा पाडला. तेव्हापासून सुलू गच्चीवर वाळवण घालायलाही दुसऱ्या बाजूच्या जिन्याने जाऊ लागली. तिला हवा होता तो मोक्ष वगैरे नव्हे. एकदा, एकाच कावळ्याने सासूबाईंचा घास उचलावा आणि आपल्या नावावरचा तो शेरा पुसला जावा, एवढेच तिचे मागणे होते.

केशवरावांचे पक्षीप्रेम मुळात नोकरीतून उपजले होते. ते मोजणी खात्यात भूकरमापक होते. विंझरपासून वेल्ह्यापर्यंत अशी एक वाडी नव्हती, जिथे त्यांनी साखळी टाकली नाही आणि शिव्या खाल्ल्या नाहीत. हद्द कायम करायला गेले की बांधाच्या दोन्ही बाजूंना एकाच आडनावाची माणसे एकमेकांच्या अंगावर धावून जात. अशा वेळी सरकारी माणसाने नजर कुठेतरी ठेवायची असते. केशवरावांनी ती झाडावर ठेवली. हळूहळू झाडावर काय बसले आहे ते दिसू लागले, मग दुर्बीण आली, आणि निवृत्तीनंतर वाचनालयात सत्कार होऊन ते 'पक्षीमित्र' झाले. भांडण टाळण्यासाठी वर पाहण्याची सवय त्यांनी घरातही चालू ठेवली होती. "पाखराच्या पायातलं कडं दिसतं तुला. घरात साखर संपलेली दिसत नाही," असे आई म्हणे. तेव्हाही ते खिडकीबाहेर पाहात असत.

कन्या मधुवंती आणि जावई प्रद्युम्न ग्लासगोला असतात. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी आईबाबांना बोलावून घेतले आणि डोंगराळ भागातल्या एका सरोवराकाठी आठवडाभरासाठी दगडी घर भाड्याने घेतले. केशवरावांनी निघण्यापूर्वीच वाचनालयात जाहीर केले होते की परतल्यावर 'सोनेरी गरुड : एक प्रत्यक्ष दर्शन' या विषयावर आपण सचित्र व्याख्यान देऊ. दर्शन अजून व्हायचे होते. पण फलकावर खडूने लिहून झाले होते.

सुलूने मात्र कॅलेंडर पाहिले होते. सर्वपित्री अमावास्या नेमकी त्या आठवड्यात येत होती. तिने बॅगेत उडदाची डाळ, तांदूळ, आमसुले आणि गूळ भरला, आणि विमानतळावर वजन जास्त भरले तेव्हा केशवरावांचे पक्ष्यांवरचे जाडजूड पुस्तक बाहेर काढून कुमारच्या हातात दिले.

अशा रीतीने केशवराव गरुडांच्या प्रदेशात दाखल झाले, आणि पहिल्याच सकाळी त्यांच्यावर कावळा शोधण्याची कामगिरी सोपवण्यात आली.

"अहो, इथे कावळे आहेत ना? तुम्हाला माहीत असेल."

"असतील की."

"असतील नको. नक्की सांगा."

घरमालकीणबाई पलीकडेच राहात. मेंढ्या पाळणाऱ्या, उंच, गालांवर वाऱ्याची लाली आलेल्या. मधुवंतीने त्यांना विचारले तेव्हा त्यांना प्रश्नच कळेना. लोक इथे गरुड पाहायला येतात, हरणे पाहायला येतात. कावळा पाहायला कोणी आलेले त्यांच्या आठवणीत नव्हते. मग त्या पुष्कळ वेळ, आणि बऱ्याच तिखटपणे, काही बोलल्या.

"काय म्हणाल्या?" सुलूने विचारले.

मधुवंतीने बाबांकडे पाहिले. "म्हणाल्या, येतील."

बाई प्रत्यक्षात म्हणाल्या होत्या की कावळे कोकरांचे डोळे फोडतात, म्हणून आम्ही दिसला की बंदुकीने उडवतो, आणि देवाची कृपा असेल तर तुम्हाला एकही दिसणार नाही. केशवरावांना तेवढे इंग्रजी कळत होते. त्यांनी सवयीप्रमाणे डोंगराकडे पाहिले.

अमावास्येच्या दिवशी सुलू पहाटेच उठली. वडे तळायला घेतले तोच छतावरची धुराची घंटा कर्कश वाजू लागली, आणि प्रद्युम्न पायजम्यातच खुर्चीवर चढून तिला टॉवेलने वारा घालू लागला. केळीच्या पानाऐवजी कोबीचे मोठे पान होते. त्यावर भात, खीर, वडा आणि आमसुलाची चटणी वाढून सुलूने ते अंगणाच्या दगडी कुंपणावर ठेवले. समोर सरोवर, पलीकडे डोंगर, आणि वारा असा की पदर सांभाळावा की पान, हा प्रश्न पडावा.

पहिला आला तो पांढरा, थोराड, पिवळ्या चोचीचा. त्याने खिरीसकट वडा उचलला आणि पान उलथे करून निघून गेला.

"हा कोण?" सुलूचा आवाज चिरकला.

"कुरव. समुद्रावरचा पक्षी. तसा तो—"

"चालतो का तो?"

या प्रश्नाचे उत्तर पक्षीशास्त्रात नव्हते. प्रद्युम्नने धीर करून सुचवले की कावळा हा केवळ प्रतिनिधी असतो, तेव्हा स्थानिक प्रतिनिधी ग्राह्य धरावा. सुलूने जावयाकडे पाहिले. तो घरात गेला.

दुसरे पान वाढले गेले. आणि तेव्हा कुरणाच्या टोकाशी, खांबावर, केशवरावांना तो दिसला. डोके काळे, पंख काळे, आणि मधे अंगभर राखाडी. भोरच्या कावळ्याची नुसती मान राखाडी असते. याने जणू थंडीमुळे सबंध बंडीच चढवली होती. पण कुळ तेच, तिरकी मान तीच, आणि घासाचा हिशेब करणारी नजरही तीच. "सुलू, आला!" असे कुजबुजून त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. कावळा उडाला.

थोड्या वेळाने तो अधिक जवळच्या दगडावर येऊन बसला. केशवरावांनी दुर्बीण रोखली. कावळा उडाला. तिसऱ्यांदा तो कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला उतरला, दोन उड्या मारून पानाच्या दिशेने सरकला, आणि चोचीचा आकार नीट टिपावा म्हणून केशवराव गुडघ्यावर बसून नेम धरू लागताच किंचाळत सरोवरापार गेला.

"अहो, ते आधी खाली ठेवा!" सुलू म्हणाली. "बंदूक रोखल्यासारखे काय बसलात!"

केशवराव गुडघ्यावरच राहिले. घरमालकीणबाईंची बंदूक त्यांच्या कानात आत्ता वाजली. या प्रदेशातल्या कावळ्याने डोळ्याला काही लावलेला माणूस पाहिला की त्याला पुढचे माहीत असते. दोन वर्षे ज्या कावळ्याची बायको वाट पाहात होती, त्याला तिचा नवरा, भोरचा पक्षीमित्र, पुन्हा एकदा स्वतः हाकलत होता. आणि या वेळी अभ्यासपूर्वक.

ते उठले, घरात गेले आणि दुर्बीण प्रद्युम्नच्या गळ्यात अडकवली. स्वतःच्या मानेचा भरवसा नव्हता, म्हणून खिडकीकडे पाठ करून बसले. समोर भिंतीवर मेंढीचे चित्र होते. ते त्यांनी मन लावून पाहिले.

बाहेरून सुलूचा आवाज येत होता. हात जोडून उभी असावी. "सासूबाई, माझ्याकडून काय राहिलं असेल ते सांगा. पण एकदाच काय ते सांगा. पुन्हा वडे करायला इथे उडदाची डाळ नाही."

मेंढीच्या चित्राकडे पाहात केशवराव ओठांतल्या ओठांत म्हणाले, "आई, राहिलं ते माझ्याकडून. हिच्या नावावर कशाला लावतेस?" घाटावर सगळ्यांनी सगळे कबूल केले होते, हे एवढे कोणाला सुचले नव्हते.

"बाबा!" बाजूच्या खोलीतून प्रद्युम्न दबक्या आवाजात ओरडला. "बाबा, सरोवरावर काहीतरी प्रचंड आहे. पंख केवढे! मान सोनेरी दिसतेय. खिडकीतून निम्माच दिसतो. अंगणात चला, लवकर!"

प्रद्युम्नला पारवा आणि पोपट यांतला फरक केवळ रंगावरून कळतो, हे खरे. पण केशवराव कधी उठले आणि त्यांचा हात दाराच्या कडीवर कधी गेला, हे त्यांचे त्यांनाच कळले नाही. कडी जुनी होती, खडखडणारी. दारातल्या काचेच्या पट्टीतून सुलूची पाठ दिसत होती, वाऱ्याने फडफडणारा पदर, आणि मुळीच न हलणारे खांदे. ती काहीतरी पाहात होती. फलकावरचा खडू, व्याख्यान, वाचनालयातली सतरंजी, सगळे केशवरावांच्या डोळ्यांसमोरून गेले.

त्यांनी कडी सोडली.

"बाबा, गेला तो डोंगरामागे."

"जाऊ दे," केशवराव म्हणाले, आणि परत मेंढीसमोर येऊन बसले.

बराच वेळ गेला. मग दार उघडले. सुलूच्या हातात रिकामे, एका बाजूला फाटलेले कोबीचे पान होते.

"शिवला?"

"शिवला."

"तोच का? राखाडी अंगाचा? कुठल्या बाजूने आला? म्हणजे कुरव तर नव्हता ना—"

"तुमची मोजणी नको," सुलू म्हणाली. "शिवला म्हणजे शिवला."

तिचा चेहरा ओला होता. वाऱ्याने असेल किंवा कशाने. तिने हात पुसले आणि पहिली गोष्ट केली ती रतनबाईंना मोबाईल लावण्याची. पडद्यावर आधी रतनबाईंचे कपाळ आले, मग छत, मग त्या सबंध आल्या.

"रतनबाई, आमच्या सासूबाईंना कावळा शिवला बरं का."

"तिकडं?"

"इथे. परदेशात."

रतनबाईंनी विचार केला. "काकू, त्यो इंग्रजांचा कावळा. त्याला काय ठावं आपलं पितर? आन् कावळाच व्हता कशावरनं?"

"कशावरून म्हणजे? ह्यांना विचारा. पक्षीमित्र आहेत ते. ह्यांनी डोळ्यांनी पाहिलाय." आणि सुलूने मोबाईल नवऱ्यापुढे धरला.

केशवरावांच्या पक्षीनिरीक्षणात शास्त्र थोडे आणि चुका पुष्कळ होत्या, पण एक गोष्ट होती. स्वतः न पाहिलेल्या पक्ष्याची ग्वाही त्यांनी आजवर कोणालाही दिली नव्हती. न चाललेल्या हद्दीवर त्यांनी कधी सही केली नव्हती, तसेच ते होते. त्यांनी सुलूकडे पाहिले. ती मोबाईल धरून वाट पाहात होती, आणि या वेळी कुठे दुसरीकडे पाहायला झाड नव्हते.

"शिवला, रतनबाई," ते म्हणाले. "कावळाच होता. मान तिरकी करून आधी भाताला चोच लावली त्यानं, आणि मग वडा—"

सुलूने कोपराने ढोसले. "आधी खीर," ती पुटपुटली.

"आधी खीर," केशवरावांनी दुरुस्ती केली. "मग वडा."

पडद्यावर रतनबाईंचे कपाळ पुन्हा जवळ आले.

"खीर व्हय!" रतनबाई म्हणाल्या. "मंग म्हातारीच ती. लई खिरीची व्हती. झालं बया, सुटली. सांगते समद्यांनला."

मोबाईल बंद झाला. सुलूने तो टेबलावर पालथा ठेवला, खुर्ची ओढून पाय वर घेऊन बसली, आणि स्वतःच्या घरी कधी काढला नव्हता अशा आवाजात म्हणाली, "आता मला कोणीतरी चहा करा."

जावई उठू लागला. केशवरावांनी त्याला खुणेने बसवले आणि स्वतः ओट्याकडे गेले. साखर कुठल्या डब्यात आहे ते त्यांना विचारावेच लागले.