माणूस उचलायला शिकायचंय

अप्पांचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात पोरांना खिचडी वाढत होते. मधल्या सुट्टीचा गोंधळ चाललेला, त्यामुळे आधी नीट ऐकूच आलं नाही. मग अप्पा पुन्हा म्हणाले, "सुनीता, गेली ती. मघाशी. झोपेतच." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडून त्यांच्या दारातली कबुतरं घुमत असलेली ऐकू येत होती. नंदाक्का जाणार हे आम्हाला दोन-तीन महिन्यांपासून माहीत होतं. तरी माझ्या हातातला डाव तसाच राहिला आणि रांगेतली पोरं ताटल्या पुढं करून माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

त्याला आता महिना होऊन गेला. उमरग्यात आमच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या घराला लागून. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या शेजारी. नाव महानंदा, पण सगळी गल्ली त्यांना नंदाक्का म्हणायची. नवऱ्याचं, म्हणजे अप्पांचं, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. मुलगा पुण्याला. घरात हे दोघं आणि अप्पांची आई, अव्वा. अव्वांचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे रागावल्या की त्यांच्या तोंडात आधी कानडी यायचं. आणि त्या बऱ्याचदा रागावलेल्याच असायच्या. नंदाक्का अंगानं किरकोळ, बोलणं हळू. तिशीतच त्यांची पिशवी काढलेली, तेव्हापासून कंबर धरून चालायची सवय. पन्नाशी ओलांडलेल्या या बाईला तुम्ही भाजीच्या गाड्यावर पाहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आठवलीसुद्धा नसती.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांची हाक आली, "सुनीता, पळ गं!" मी धावत गेले. अव्वा न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. मोडलं काही नव्हतं, पण उठता येत नव्हतं. अंगावर कपडा नाही, साबणाचं पाणी सगळीकडे. आम्ही दोघींनी काखेत हात घालून ओढून पाहिलं. त्या भारी, आम्ही निसरड्या फरशीवर, आणि प्रत्येक वेळी त्या अर्ध्या उठून पुन्हा खाली बसायच्या. अप्पा सोलापूरला गेलेले. शेवटी नंदाक्कांनी अव्वांच्या अंगावर लुगडं टाकलं आणि मी हायवेवरच्या टायरच्या दुकानातून दोन माणसांना बोलावून आणलं. भली माणसं. माना दुसरीकडं वळवून त्यांनी अव्वांना अलगद उचललं आणि कॉटवर ठेवलं. काम मिनिटाभराचं. पण उचलताना लुगडं सरकलं... अव्वांनी डोळे गच्च मिटून घेतले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. शिव्यासुद्धा दिल्या नाहीत.

नंदाक्का माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "आयुष्यभर डोईवरचा पदर ढळू दिला न्हाय तिनं. माझ्या हातात जोर न्हवता म्हणून परक्या गड्यांच्या हातात गेली." मी म्हटलं, "अक्का, तुमचा काय दोष? बाईमाणसाला कुठं एवढं उचलतंय?" त्या म्हणाल्या, "त्या दोघांना विचारलं मी. लई जोर हाय म्हटलं तुमच्यात. तर म्हणले, दुकानाच्या वर जिम हाय, तिथं जातो आमी."

आठवडा गेला नसेल, त्या मला सोबतीला घेऊन जिमचा लोखंडी जिना चढल्या. वर एक लांबट हॉल, पत्र्याचं छत, भिंतीला आरसे, खालून ट्रकचे हॉर्न. जिमचे मालक सलीमभाई एकेकाळी वजन उचलायच्या स्पर्धांत उतरलेले, नंतर गुडघा गेल्यामुळे ही जिम काढलेली. दारात दोन बायका, त्यातली एक साडीतली, म्हटल्यावर त्यांना वाटलं आम्ही कुणाच्या तरी आया आहोत. विचारलं, "कुणाला बोलवू?" नंदाक्का म्हणाल्या, "कुणाला नको. मला माणूस उचलायला शिकायचंय."

सलीमभाई हसले नाहीत. मला त्यांचं हे नेहमी आठवतं. पण त्यांनी नकारही दिला. "अक्का, इथं लेडीज कुणी येत नाही. पोरं उघडी असतात, गाणी कसली बी लागतात. तुमालाच बरं वाटणार नाही." नंदाक्का म्हणाल्या, "मग कुणी नसतंय तवा येते." दुपारी दोन ते चार जिम बंद असायची. सलीमभाईंनी डोकं खाजवलं. म्हणाले, "बीवीला विचारतो. ती येऊन बसली तर उघडतो." आणि जाताना बजावलं, "आधी डॉक्टरला दाखवा. पिशवीचं ऑपरेशन झालंय म्हणता, तसंच सुरू नाही करायचं." डॉक्टरीणबाईंनी तपासलं, म्हणाल्या, "खुशाल जा, उलट हाडांना चांगलंच आहे. फक्त हळूहळू वाढवा आणि उचलताना श्वास कोंडून धरू नका." जगभरच्या बायकांना हे कदाचित साधं वाटेल. पण वजन उचललं की पोट खाली येतं, बाई गड्यासारखी दिसते, हे ऐकतच आम्ही मोठ्या झालेलो. नंदाक्कांनाही भीती होतीच. त्या भीत भीतच गेल्या, पण गेल्या.

माझी शाळा सकाळची, एकला सुटायची; मी गेले ती केवळ सोबत म्हणून. मग नुसतं बसून काय करायचं, म्हणून मीही सुरू केलं. पहिल्या दिवशी आम्हाला लोखंडाला हातसुद्धा लावू दिला नाही. खुर्चीवर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं, एवढंच. मला हसू आलं, आणि थोड्या वेळानं पाय लटपटायला लागले. भिंतीला हात टेकून अंग पुढं न्यायचं, मागं आणायचं. पाठीला झाडूची काठी धरायची आणि ती पाठीपासून सुटू न देता कंबरेतून वाकायचं. नंदाक्कांना हे काही केल्या जमेना. जन्मभर पाठ वाकवून सडा-भांडी केलेली, त्यांची कंबर वेगळी हलायलाच तयार नव्हती. सलीमभाईंची बायको शबाना दाराशी शिवण घेऊन बसलेली असायची. एका दुपारी ती उठून आली आणि म्हणाली, "अक्का, दोनी हातात सामान आहे, दार मागून ढकलायचं आहे... कशानं ढकलाल?" नंदाक्का लाजल्या, पण त्यांनी ढुंगण मागं नेलं आणि काठी पाठीला चिकटून राहिली. चौघंही हसलो. त्या दिवशी घरी येताना त्या वाटेत दोनदा थांबून तसं वाकून बघत होत्या.

पहिल्या आठवड्यात जिना उतरताना अक्षरशः रडू यायचं. शाळेत खुर्चीवर बसताना मी टेबल धरायची. नंदाक्का मात्र दुखण्याबद्दल काही बोलायच्या नाहीत. त्यांना त्रास झाला तो वेगळ्याच प्रश्नानं. सलीमभाईंनी विचारलं, "अक्का, जेवता काय?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं झाल्यावर जे असंल ते." "म्हणजे काय?" त्यांनी आठवून सांगितलं, भाकरी, चटणी, तळाशी राहिलेलं वरण. अंग भरायचं तर डाळ, दूध, उसळ, शेंगदाणे रोज पोटात जायला हवेत, असं सलीमभाई म्हणाले. घरात सगळं होतं, ददात कशाचीच नव्हती. पण स्वतःचं ताट आधी वाढून घेणं नंदाक्कांना लोखंड उचलण्यापेक्षा जड गेलं. पहिल्यांदा अप्पांच्या बरोबरीनं जेवायला बसल्या तेव्हा अप्पांनी विचारलं, "कुठं गावाला निघालीस का?" हे मला अप्पांनीच नंतर सांगितलं.

अव्वांना कळलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं त्यांनी. "गड्यागत लोखंड उचलायला जाती? लोक थुंकतील तोंडावर." नंदाक्का दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "थुंकू द्या. दोनाच्या आत तुमची औषधं देऊनच जाती मी." आणि गेल्या. साडी जाऊन पंजाबी ड्रेस आला, कंबरेला ओढणी गुंडाळलेली, पायात कॅनव्हासचे बूट. गल्लीनं थोडे दिवस बघितलं, मग बघायचं सोडलं. डंबेल आले, मग रिकामा बार, मग त्याला छोट्या चकत्या. शेवटी सलीमभाईंनी सोयाबीनचं अर्धं भरलेलं पोतं आणलं. म्हणाले, "बार सरळ असतो, अक्का. माणूस असा असतो. धरायला जागा नाही, आणि तो हलतो." पोत्याला मिठी मारून, अंगाशी घट्ट धरून, पायांच्या जोरावर उठायचं. कितीतरी दुपारी त्या पोत्याशी झटत राहिल्या.

दुसऱ्या वर्षी, ज्वारीच्या काढणीच्या सुमारास, अव्वा कॉटवरून उतरताना खाली बसल्या. मी तिथंच होते. मी पुढं झाले, तर नंदाक्कांनी हातानं थांबवलं. आधी अव्वांचं अंग चाचपलं, कुठं दुखतं ते विचारलं. मग त्यांना नीट बसतं केलं, पदर सावरून खोचला, समोर पाय रोवून बसल्या आणि त्यांना मिठीत घेतलं. "अव्वा, माझ्या मानेला धरा." अव्वा घाबरून "हगुरक, हगुरक" म्हणायला लागल्या, म्हणजे त्यांच्या कानडीत हळू, हळू. आणि नंदाक्का उठल्या. धक्का नाही, ओढाताण नाही. अव्वा त्यांच्या छातीशी उभ्या होत्या. मग वळून त्यांना कॉटवर बसवलं. अव्वा बराच वेळ सुनेच्या दंडाला धरून बसल्या. तो दंड त्यांनी दाबून बघितला, जशी बाजारात एखादी वस्तू बघतात तसा. त्या दिवसापासून दीड वाजला की स्वतःच म्हणायच्या, "औषध दे. तुला उशीर हुतोय."

त्यानंतर अव्वा दोन वर्षं होत्या आणि शेवटपर्यंत त्यांना नंदाक्कांशिवाय कुणी उचललं नाही. त्या गेल्यावर नंदाक्का काही दिवस घरीच बसून होत्या. लोकही म्हणाले, आता कशाला जाता? पण एका दुपारी त्या बूट घालून माझ्या दारात उभ्या. "चल. घरात बसून अंग लाकूड झालंय." तोवर दुपारी आम्ही दहा-बारा जणी जमायला लागलो होतो. गुडघेदुखीवाल्या, साखरवाल्या, बाळंतपणातून उठलेल्या, एक निवृत्त परिचारिका. नवी बाई आली की नंदाक्का आधी तिला खुर्ची द्यायच्या, आणि जेवली का ते विचारायच्या.

गेल्या पावसाळ्यात त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ समजून सुरुवातीला औषधं झाली. सोलापूरला नेलं तेव्हा कळलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. मी सोबत होते. नंदाक्कांनी डॉक्टरांना स्वतःच विचारलं, "वजनं उचलल्यामुळं झालं का हे?" डॉक्टर म्हणाले, "अजिबात नाही. त्याचा आणि याचा संबंध नाही." त्यांनी माझ्याकडं वळून म्हटलं, "ऐकलंस ना नीट? ध्यानात ठेव." तेव्हा मला वाटलं, त्या स्वतःच्या समाधानासाठी विचारत होत्या...

अंग फार भराभर गेलं. वर्षानुवर्षं कमावलेलं ते दोन महिन्यांत उतरलं. तो दंड काडीसारखा झाला. त्यांना त्याचं वाईट वाटायचं, ते त्या लपवायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "लई कष्टानं आणलं होतं गं." शेवटच्या आठवड्यात एका सकाळी त्यांना अंगणात उन्हात बसायचं होतं. अप्पा गल्लीतल्या गड्यांना बोलवायला निघाले. मी म्हटलं, "थांबा अप्पा." कॉटवर त्यांना बसतं केलं, पाय रोवले, मिठीत घेतलं. नंदाक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "जवळ घे अजून. लांब धरलीस तर कंबर जाईल तुझी." आणि मी उठले. त्या इतक्या हलक्या झाल्या होत्या की जोर लावायची गरजच पडली नाही. अंगणापर्यंत नेलं. उन्हात डोळे मिटून बसल्या त्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चांगलं उचललंस." ती आमची शेवटची नीट भेट.

माती दिल्यावर बायका बसल्या होत्या, त्यात कुणीतरी बोललंच. बाईच्या जातीनं एवढी वजनं उचलली, आतून शरीर फाटलं असणार. ते बोलणं चार दिवसांत गावभर झालं. दुपारच्या बायका एकेक करून गळाल्या. कुणाची सासू नको म्हणाली, कुणाचा नवरा. मी भेटेल तिला डॉक्टरांचं म्हणणं सांगत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, सोलापुरात नंदाक्कांनी ते कुणासाठी विचारलं होतं. पण माझं ऐकणार कोण? एका दुपारी हॉलमध्ये मी आणि शबाना दोघीच होतो.

दुसऱ्या दिवशी लोखंडी जिन्यावर चपलांचा आवाज आला. अप्पा. पांढरा पायजमा, टोपी. एवढ्या वर्षांत ते कधी वर आले नव्हते. हॉलभर नजर फिरवून म्हणाले, "कुणीच न्हाय?" मी मान हलवली. म्हणाले, "दुकानावर बी ऐकलं मी." आणि खाली उतरले. त्या संध्याकाळी ते एकेका घरी गेले. बायकांशी बोलले नाहीत, उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून घरच्या माणसांशी बोलले. काय म्हणाले ते मला निवृत्त परिचारिकेच्या मुलानं सांगितलं. "माझी बायको आजारानं गेली. तिनं वजनं उचलली म्हणून माझी आई सुखानं गेली. तुमच्या घरच्या बाईला पाठवा." कुठं चहा घेतला नाही, कुठं बसले नाहीत.

सगळ्या परत आल्या नाहीत. पण सात-आठ जणी आल्या, आणि मागच्या सोमवारी दोन नव्या. त्यांना मी खुर्ची दिली.

संध्याकाळी पोरं व्यायाम करतात तेव्हा खालच्या दुकानापर्यंत लोखंड आपटल्याचे आवाज येतात. उचलायचं आणि धाडकन सोडायचं. दुपारी मात्र आमच्या हॉलमधून तसा आवाज येत नाही. नंदाक्कांना तो खपायचाच नाही. बार खाली ठेवताना त्या सगळ्यात जास्त वेळ घ्यायच्या, चकत्या जमिनीला टेकल्या तरी मूठ लगेच सोडायच्या नाहीत. आम्हाला कुणी तसं शिकवलं नाही, बघून बघून सवय लागली. काल नव्या बाईनं, जिनं नंदाक्कांना कधी पाहिलंही नाही, पहिल्यांदा बार उचलला. मग शेजारणीकडं बघत बघत, गुडघे वाकवून, तो इतका हळू खाली ठेवला की शबानानं शिवणावरून मान वर करून बघितलं... टेकला की नाही ते.