रोडेलचा हात

लॉरेन फेडोरुकला संगणक शिकवायला कोणी बसलं नव्हतं. कॅनडातल्या विनिपेग शहरात व्हीलचेअरच्या वर्कशॉपमध्ये तिने एकवीस वर्षं टेबल सांभाळलं, ते फोन, वही आणि खणखणीत आवाज यांच्या जिवावर. कामांची नोंद ठेवणारं नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा ती सत्तावन्नची होती. संचालकांनी बाहेरून माणूस बोलवायची भाषा केली, ती तिला झोंबली. मी करते, म्हणाली, आणि दीड महिन्यात करून दाखवलं. बाई हट्टी होती. हे तिचा नवराही मान्य करायचा, फक्त ती ऐकत नसताना.

त्यात प्रत्येक खुर्चीचं एक मोठं कार्ड, म्हणजे पडद्यावरची नोंद, आणि त्याला जोडलेली छोटी कार्डं: सांगाडा, चाकं, गादी, पट्टे, डोकं टेकायची उशी. लॉरेनने नियम घातला, की जोडलेली सगळी कार्डं बंद झाली की मोठं कार्ड आपोआप 'तयार' व्हावं आणि खुर्ची घ्यायला या असा निरोप घरच्यांना जावा. पूर्वी हेच काम ती पायांनी करायची. मागे वर्कशॉपमध्ये जाऊन खुर्च्या जुळवणाऱ्या रोडेल माग्सिनोला विचारायची, झालं का? रोडेल तोंडाने उत्तर देत नसे. खुर्चीच्या कडांवरून, पट्ट्यांच्या शिवणीवरून, उशीवरून सावकाश हात फिरवायचा आणि मान हलवायचा. मग ती फोन लावायची. नियम सुरू झाल्यावर ही ये-जा थांबली. लॉरेनबाई आता फक्त आमचे फिलिपिनो लुम्पिया, तळलेले रोल, खायला मागे येतात, असा टोमणा रोडेलने एकदा मारला. तो खराही होता.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी आठला तिने संगणक उघडला. टॅनिस स्पेन्स या नऊ वर्षांच्या मुलीची खुर्ची 'तयार' दिसत होती. तिच्या वडिलांना, डार्सीला, निरोप आदल्या संध्याकाळीच गेला होता. आणि खुर्चीला डोक्याची उशीच नव्हती. त्या मापाची उशी आता मिळत नाही असं कळलं, म्हणून खरेदीवाल्याने ते कार्ड 'रद्द' करून टाकलं होतं. नवं कार्ड तो सोमवारी करणार होता. 'झालं' आणि 'रद्द' यांतला फरक नियमाला सांगायचा लॉरेनकडून राहून गेला होता. त्याच्या लेखी दोन्ही बंदच.

स्पेन्स मंडळी दूर उत्तरेतल्या थॉम्पसन गावची, म्हणजे आठ तासांचा रस्ता. टॅनिसला स्वतःची मान सावरता येत नसे आणि जुन्या खुर्चीत ती मावेनाशी झाली होती. सप्टेंबरपासून तिची शाळा बंद होती, दिवसभर ती घरी उताणी पडून असायची. डार्सीचं उत्तर आलेलं होतं: पहाटे पाचला निघतोय, पोरीला आनंदाने झोप लागत नाहीये. लॉरेनने फोन लावला, पुन्हा लावला. त्या रस्त्यावर मैलोन्‌मैल रेंज नसते हे तिला ठाऊक होतं, तरी ती लावत राहिली. मग उठून मागे गेली. शरमेने तिचे कान तापले होते.

रोडेलला तिने सगळं एका दमात सांगितलं, स्वतःची चूक आधी. त्याने एवढंच विचारलं, की पोचतील कधी. एकच्या सुमारास, ती म्हणाली.

"म्हणजे पाच तास आहेत. हे बघ लॉरेन, रडायचं असेल तर एकनंतर रड. आत्ता तिची मापं वाच."

तिने मापं वाचली. रोडेलने पत्रा वाकवला, फोम कापला, तीन थर चिकटवले. खोळ लॉरेनने मशीनवर शिवली. पहिली उशी त्याने हात फिरवून बाजूला टाकली. कानाच्या खाली कड टोचत होती. जेवणाचे डबे तसेच राहिले. दुसरी उशी पावणेएकला खुर्चीवर बसली. त्याने हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि मान हलवली. याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत असं लॉरेनला वाटलं, आणि तिने ते त्याला तोंडावर सांगितलंही. तो म्हणाला, आधी डबा गरम कर.

सव्वाला स्पेन्स आले. टॅनिसला खुर्चीत बसवलं. तिच्या डोक्यामागचा हात रोडेलने अगदी हळू काढून घेतला. डोकं जागेवर राहिलं. ती बराच वेळ समोर बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "छत नाही दिसत आता. माणसं दिसतायत."

डार्सीने तोंड फिरवलं. लॉरेनला राहवलं नाही. निरोप चुकून गेला होता, खुर्ची सकाळपर्यंत अर्धवट होती, हे तिने त्याला सांगून टाकलं.

"चुकून गेला तेच बरं झालं, बाई," तो म्हणाला. "बरोबर निरोपाची वाट बघत बसलो असतो, तर पोरीचा हिवाळाही छताकडे बघत गेला असता."

त्याच दुपारी लॉरेनने नियम दुरुस्त केला. 'रद्द' आता 'झालं'मध्ये धरलं जाणार नव्हतं. शिवाय प्रत्येक खुर्चीला तिने आणखी एक कार्ड जोडलं, जे फक्त मागे वर्कशॉपमधल्या माणसाला बंद करता येईल. त्याचं नाव ठेवलं, 'रोडेलचा हात'. रोडेल लाजला. नाव काढ, लोक हसतील, म्हणाला. हसू देत, ती म्हणाली.

चार वर्षांनी रोडेल निवृत्त होऊन फिलिपिन्सला, बटांगासला, आपल्या घरी गेला. कार्डाचं नाव तेच राहिलं. लॉरेनच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, मागे वर्कशॉपमध्ये कामाला लागलेल्या नव्या मुलीने पडद्याकडे बघत विचारलं, हा रोडेल कोण? लॉरेनने तिला एका जुळवून झालेल्या खुर्चीपाशी नेलं आणि तिचा हात धरून उशीवर ठेवला.

"आधी हात फिरव. कानाच्या खाली नीट बघ," ती म्हणाली. "मग सांगते."