कडीवाल्या बाई

त्या ऑफिसात बाईंना कुणी नावाने हाक मारत नाही. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या त्या कडीवाल्या बाई! आणि बाईंना त्याचा कोण अभिमान!

रक्त तपासणाऱ्या यंत्रांचा प्रोग्रॅम बाईंनी दोन वर्षं खपून लिहिला होता. प्रोग्रॅम एकच, पण त्याच्या पोटात चार-पाच थ्रेड, म्हणजे आपापलं काम करणारे गडीच म्हणा, एकदम राबायचे. एक नमुना वाचतोय, एक निकाल लिहितोय. 'थांबवा' बटण दाबलं, की चालता थ्रेड जागच्या जागी ठार! बाईंच्या संगणकावर सगळं झकास. पण गिऱ्हाइकाकडे संगणक तीन तऱ्हांचे. पहिल्यावर बटण चाललं, दुसऱ्यावर पडदा गोठला, तिसऱ्याने तर हुकूम धाब्यावरच बसवला. उद्या दुपारी तीनला गिऱ्हाईक येणार. बटण चाललं नाही, तर सगळं काम दुसऱ्या गटाच्या हवाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई न्हाणीघराबाहेर ताटकळत उभ्या. आत सासरे.

"मामंजी, आटपा ना!"

"साबण लागलाय गं सूनबाई! दोन मग ओततो, कडी काढतो, आलोच!"

नवरा म्हणाला, "बाबांना खिडकीतून ओढून काढू का?"

"काढा! मग आतली कडी कोण काढणार? तुमचे आजोबा? अख्खं घर बसेल दारात..."

आणि बाई थबकल्या. अहो, हेच तर होत होतं! निकाल लिहिणारा थ्रेड फाइलला आतून कडी घालायचा, म्हणजे दुसरा कुणी मध्ये घुसू नये. तो आतच मेला, की कडी तशीच आणि बाकीचे जन्मभर रांगेत!

बाई अंघोळ न करताच ऑफिसात पळाल्या. मारायची आज्ञा पुसून टाकली. बटण दाबलं, की फक्त 'थांब' अशी खूण. प्रत्येक थ्रेडने हातातला नमुना संपला की खूण बघायची, कडी काढायची, आपल्या पायांनी बाहेर यायचं. नमुन्याची वाट बघत पेंगणाऱ्यानेही दर अर्ध्या सेकंदाला उठून बघायचं.

तीन वाजले. गिऱ्हाइकाने ऑफिसात मांडलेल्या तिन्ही तऱ्हांच्या संगणकांवर बटण दाबलं. पहिला संगणक थांबला. दुसराही! तिसरा मात्र चालूच. बाई सेकंद मोजू लागल्या. एक... दोन... थांबला!

"हा का रेंगाळला?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"साबण लागला होता हो! कडी काढून आला!"

काम बाईंकडेच राहिलं. आणि घरी मामंजींना आता कुणी घाई करत नाही.