उंच पिकअपची आर्डिथ

आमच्या ड्राय फोर्क गावात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आर्डिथ किम्झीनं आपल्या पिकअपचं नाक वर उचललं, कारण ती बुटकी आहे. अग्निशमन पथकाच्या चीफशी, म्हणजे रॉली हॅस्केटशी बोलताना तिला मान वर करावी लागायची. आता खिडकीतून त्याच्या टकलाकडे बघत बोलता येतं. कॅफेत हे रोज कोणीतरी सांगतंच.

यातलं बुटकी तेवढं खरं.

पिकअप उंच झाली ती ओढ्यामुळे. वरच्या कुरणांचा रस्ता ओढ्यातून जातो आणि त्यातले धोंडे साध्या गाडीचं पोट फाडतात. आमचं पथक म्हणजे बिनपगारी माणसं आणि ज्याच्या त्याच्या गाड्या. आग लागली की सगळ्यात आधी निघते ती आर्डिथ, हौद्यात पाण्याची टाकी घेऊन. ओढ्यापलीकडच्या ऑसगुडांची गवताची गंजी पेटली तेव्हा ती भरल्या टाकीनिशी ओढ्यातल्या एका धोंड्यावर अडकली आणि पलीकडचा धूर बघत बसली. गंजी गेली, कोठारही गेलं. त्याच हिवाळ्यात, साठी उलटलेल्या या बाईनं आपल्या शेडमध्ये चारी स्प्रिंगा बदलून गाडी वीतभर उचलली. मदत कोणाची घेतली नाही. कोणी आलंच तर म्हणायची, "बस तिथं. हात लावू नकोस."

ओढ्याचा प्रश्न सुटला, पण गाडीला नवंच दुखणं जडलं. आमच्याकडे गुरं रस्त्यानं पळू नयेत म्हणून कुंपणापाशी रस्त्यात खड्डा खणून वर आडवे लोखंडी नळ टाकतात. गाडी जाते, गाय बिचकते. त्या नळांवरून जरा वेगात गेलं की आर्डिथच्या पिकअपची पुढची चाकं थयथयाट करायची. स्टिअरिंग हातात राहायचं नाही, आरसे फडफडायचे आणि गाडी पार थांबवल्याशिवाय ते थांबायचं नाही.

कॅफेतल्या प्रत्येक पुरुषाकडे एकच औषध. "स्टिअरिंगला आडवा शॉकअप बसव, आर्डिथ." तिनं बसवला. महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. "मग दुसरा बसव की." तोही बसवला. आमच्या खोऱ्यात अशा दोन-दोन शॉकअपच्या गाड्या डझनानं सापडतील, आणि सगळ्या थरथरतात.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर रॉली तिच्या शेडमध्ये आला. रॉली प्रत्येक वाक्याआधी नाकानं हवा ओढतो, पोहायला उतरणार असल्यासारखा.

"आर्डिथ, माझं म्हणणं काय, गाडी होती तशी खाली आण. नाहीतर पहिली टाकी माझ्या पुतण्याच्या गाडीत ठेवू."

"ती ओढ्यात बसेल."

"बसेल ना. पण सरळ तरी जाईल. तुझी भरल्या टाकीनिशी नळांवर नाचली आणि उलटली, तर तुझ्या मुलीला मी काय सांगू?"

आर्डिथनं हातातला पाना खाली ठेवला. रॉलीचं बोलणं खोटं नव्हतं. पण पथकात तिची ती एकच जागा होती, आणि ती सोडायची तर ऑसगुडांच्या धुरासमोर पुन्हा बसायचं.

"आलाच आहेस तर आत बस," ती म्हणाली. "इंजिन चालू कर आणि स्टिअरिंग हलव. डावीकडे, उजवीकडे. थोडंथोडंच."

"मी? मी निर्णय सांगायला आलोय."

"बसून सांग."

रॉली चढला. आर्डिथ गाडीखाली सरकली. बाहेर फक्त तिचे बूट दिसत होते.

"डावीकडे. उजवीकडे. रॉली, कणीक तिंबतोयस का? हळू."

"माझी पाठ..."

"पाठीला कोण विचारतंय? हलवत राहा."

ती एकेका सांध्यावर तळहात ठेवून बघत होती. पुढचा अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून त्याला एक दांडा असतो. एक टोक चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दुसरं अ‍ॅक्सलला. गाडी उचलली तेव्हा तो दांडा तिरका झाला होता आणि चॅसीकडचा बोल्ट तेव्हापासून भोकात आपटून आपटून ते भोक लांबट झालं होतं. अर्ध्या बोटाचा प्ले, म्हणजे ढिलाई. दोन्ही शॉकअप तोच झाकत होते.

"सापडलं," गाडीखालून आवाज आला. "उतर आता."

"निर्णय..."

"शनिवारी सांग. टाकी भरून नळांवरून नेते. तू शेजारी बस."

पुढचे दिवस शेडमधून वेल्डिंगचा उजेड दिसत राहिला. तिनं भोकावर जाड पत्रा जोडून नेमकं भोक पाडलं, दांड्याचं टोक खाली घेऊन तो आडवा केला, स्टिअरिंगचा दांडाही त्याला समांतर आणला आणि दोन्ही शॉकअप काढून भंगारात टाकले. हे कळल्यावर कॅफेतलं सगळं टेबल नकाराची मान हलवू लागलं, आणि मीही.

शनिवारी अर्धं गाव घडीच्या खुर्च्या घेऊन कुंपणापाशी आलं. मी खिडकीशी जाऊन म्हणाले, "आर्डिथ, थरथरणार. पैज."

तिनं वरून, एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "काय लावतेस?"

"माझ्या पट्ट्याचं बक्कल." रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या स्पर्धेत, पळती बकरी बांधून जिंकलेलं, बशीएवढं. "थरथरली तर पथकाच्या मंगळवारच्या सरावात गाडी मी चालवणार."

"चालेल. बाजूला हो, पोरी."

ती लांबवर मागे गेली आणि उतारावरून आली. नेहमी सगळे जिथं ब्रेक मारतात तिथं तिनं मारला नाही. नळांचा खडखडाट झाला, टाकीतलं पाणी टाकीच्या तोंडातून उसळलं, आणि पिकअप पलीकडे सरळ, तारेवर धरल्यासारखी, निघून गेली. मी आरशाकडेच बघत होते. आरसा हललासुद्धा नाही.

खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली. म्हातारे ऑसगुड टोपी काढून किती तरी वेळ तसेच उभे होते. ती गाडी मीच बांधल्यासारखा माझा ऊर उगीचच भरून आला.

गाडी वळून आली. रॉली उतरला, गुडघे चाचपले, नाकानं हवा ओढली. "माझं म्हणणं काय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पहिली टाकी आहे तिथंच राहील."

आर्डिथनं खिडकीतून नुसता हात बाहेर काढला, तळवा वर. मी बक्कल काढून त्यावर ठेवलं आणि गवताच्या गठ्ठ्याची दोरी कमरेला बांधून घरी गेले.